जावाची अकरा वर्षं आणि गो शिकायचं पुस्तक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, बहुतेक काम तिच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये. टीमने नव्या सर्व्हिसेस गो या दुसऱ्या भाषेत लिहायचं ठरवलंय आणि हाताशी तीन महिने आहेत. तीन पुस्तकं घेतलीत. पहिल्यात लूप म्हणजे काय हे सांगण्यातच शंभर पानं गेली, दुसरं संदर्भग्रंथासारखं जाड आहे, तिसरं आवडलं पण २०१५चं आहे. यातलं कोणतं वाचावं, की पुस्तकाच्या फंदात न पडता लागेल तसं ऑनलाइन बघून शिकावं?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. जॉन बॉडनर यांच्या ‘लर्निंग गो’ची २०२४ची दुसरी आवृत्ती घ्या आणि ती सलग वाचा. तुमचं २०१५चं पुस्तक म्हणजे ॲलन डोनोव्हन आणि ब्रायन कर्निगन यांचं ‘द गो प्रोग्रामिंग लँग्वेज’ असणार. ते बाजूला ठेवू नका. त्यातलं चौथं, सातवं, आठवं आणि नववं प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन सावकाश वाचा. महिना-दोन महिने कोड लिहून झाला की तेइव्हा हर्सान्यी यांचं चुकांवरचं पुस्तक, ‘१०० गो मिस्टेक्स’, हातात घ्या. जाडजूड संदर्भग्रंथ ऑफिसच्या कपाटात राहू द्या. लूप शिकवणारं पुस्तक कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाला द्या, त्याला ते खरंच उपयोगी पडेल.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण दोन वर्षांनी तुमच्यासमोर गोऐवजी रस्ट किंवा आणखी काही येईल आणि तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून मी पुस्तक कसं पारखते ते सविस्तर लिहिते. बावीस वर्षांत पोटापाण्यासाठी सहा भाषा शिकले. त्यातल्या दोन चुकीच्या पुस्तकांवरून शिकले आणि त्याची किंमत टीमने मोजली.

प्रत्येक पुस्तक कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. प्रोग्राम म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं बोट धरून ते पुस्तक चालतं, आणि आमचं बोट त्याने नीट धरलं. कर्निगन आणि रिची यांचं सीवरचं १९७८चं पुस्तक त्याच भाषेवरचं, पण त्याचा वाचक वेगळा. हे प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणारं पुस्तक नव्हे, व्हेरिएबल, लूप, फंक्शन या कल्पना वाचकाला माहीत आहेत असं धरून चाललोय, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलंय. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी उत्तम. पहिल्या वर्षाला मी कर्निगन-रिची उघडलं आणि दहाव्या पानावर मिटलं. चार वर्षांनी तेच पुस्तक आठवड्यात वाचून संपवलं. पुस्तकात काही बदललं नव्हतं, मी बदलले होते.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रस्तावना वाचणं. दुकानात उभ्याउभ्या वाचा किंवा ऑनलाइन नमुना पानांत वाचा. हे पुस्तक कुणासाठी आहे याचं उत्तर प्रामाणिक लेखक तिथेच देतो. ‘नवशिक्यांपासून तज्ज्ञांपर्यंत सर्वांसाठी’ असं लिहिलेलं दिसलं की मी पुस्तक खाली ठेवते. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला आणि कॉलेजातल्या मुलाला एकाच पानावर धरून ठेवणं कुणालाही जमत नाही.

दुसरी पारख जास्त महत्त्वाची, त्यामुळे तिच्यापाशी जरा थांबते. अनुभवी माणूस फसतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींपाशी. गोरुटीन (एका वेळी अनेक कामं चालवायची गोची सोय) नवं आहे हे नावावरूनच कळतं, तिथे आपण आपोआप सावध होतो. स्लाइस, म्हणजे गोमधली यादी, मात्र जावातल्या लिस्टसारखी दिसते, लिस्टसारखी वापरली जाते, आणि आपण तिच्यावर अकरा वर्षांचा विश्वास टाकून मोकळे होतो.

आमच्या टीमने गोमध्ये पहिली सर्व्हिस लिहिली तेव्हाची गोष्ट. ऑर्डरींचा रोजचा अहवाल होता. सगळ्या ऑर्डरी रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या दोन घ्यायच्या, त्यांच्याखाली ‘इतर’ म्हणून बेरजेची एक ओळ जोडायची. हा छोटा तक्ता वर आणि सगळ्या ऑर्डरींची पूर्ण यादी खाली. वरचा तक्ता रोज बरोबर यायचा. खालच्या यादीतून मात्र तिसरी ऑर्डर गायब, आणि तिच्या जागी ‘इतर’ची ओळ. एकूण ओळींची संख्या जुळत होती, त्यामुळे आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. हिशेब विभागातल्या एका बाईंनी बेरीज हाताने केली तेव्हा ते उघडकीला आलं.

झालं होतं ते असं. स्लाइस स्वतः डेटा साठवत नाही. तिच्यात तीनच गोष्टी असतात: खालच्या ॲरेतल्या (डेटाच्या सलग जागांच्या रांगेतल्या) एका जागेकडे बोट दाखवणारा पॉइंटर, लांबी आणि क्षमता. ऑर्डरींच्या स्लाइसमधून पहिल्या दोन घेतल्या की नव्या स्लाइसची लांबी दोन होते, पण क्षमता मूळ ॲरेच्या शेवटापर्यंत पसरलेली राहते. तिला ॲपेंड केलं, म्हणजे शेवटी भर घातली, की गो बघतो, पुढे जागा आहे का. जागा आहेच, तिथे तिसरी ऑर्डर बसलीय. गो तिच्यावरच लिहून मोकळा होतो. जावात सबलिस्टमध्ये भर घातली तर मूळ यादीतही ती ओळ शिरते आणि बाकीच्या खाली सरकतात, काही पुसलं जात नाही. आमच्या डोक्यात तेच चित्र होतं. टेस्टही पास होत होती, कारण टेस्टमध्ये आम्ही दोनच ऑर्डरी घेतल्या होत्या. तिथे पुढे जागाच नव्हती, म्हणून ॲपेंडने नवा ॲरे घेतला आणि मूळ यादीला धक्काही लागला नाही. एकच ओळ टेस्टमध्ये एक वागली आणि प्रॉडक्शनमध्ये दुसरंच वागली.

आम्ही तोवर एक पुस्तक वाचलेलं होतं, बरं का. त्यात स्लाइसवर चार पानं होती: स्लाइस अशी बनवा, तिला असं ॲपेंड करा, ॲपेंडने परत दिलेली स्लाइस पुन्हा त्याच नावात ठेवा. सगळं खरं, पण क्षमतेचा उल्लेख वेग वाढवण्यापुरता. एकच ॲरे दोन स्लाइस वाटून घेतात हे त्या चार पानांत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी गोचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची सूची उघडते, ‘ॲपेंड’ शोधते आणि तीच पानं वाचते. पॉइंटर, लांबी, क्षमता यांचं चित्र काढलंय का? दोन स्लाइस एकाच ॲरेवर बसलेल्या दाखवल्यात का? डोनोव्हन-कर्निगन यांच्या चौथ्या प्रकरणात हे चित्र आहे, आणि फार सुंदर आहे. त्यांनी वर्षाच्या महिन्यांचा ॲरे घेतलाय. जानेवारीचा क्रमांक एक यावा म्हणून शून्याची जागा रिकामी ठेवलीय. त्यातून एप्रिल ते जून ही दुसरी तिमाही आणि जून ते ऑगस्ट हा तिकडचा उन्हाळा, अशा दोन स्लाइस काढल्यात. जून दोन्हींत येतो. दोन चौकोन, त्यांतून निघालेले दोन बाण आणि एकच ॲरे. हे एक पान आम्ही आधी वाचलं असतं तर तो आठवडा वाचला असता.

जावाकडून गोकडे येणाऱ्यासाठी अशी आणखी दोन पानं तपासावीत. पहिलं इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची यादी) आणि निल (‘काहीच नाही’ ही व्हॅल्यू, जावातला नल) यांचं. जावात नल म्हणजे नल, विषय संपला. गोमध्ये इंटरफेसच्या आत टाइप आणि व्हॅल्यू अशा दोन गोष्टी असतात. आत निल पॉइंटर ठेवलेला असला तरी टाइप भरलेला असतो, त्यामुळे तो इंटरफेस निल ठरत नाही. फंक्शनने तुमच्या स्वतःच्या एरर टाइपचा निल पॉइंटर एरर म्हणून परत दिला, की सगळं सुरळीत पार पडूनही बोलावणाऱ्याला चूक झालीय असंच दिसतं. हा सापळा पुस्तकात ठळक मथळ्याखाली सांगितलेला असायला हवा. डोनोव्हन-कर्निगनच्या सातव्या प्रकरणात तो तसा आहे.

दुसरं पान इंटरफेस कुठे लिहायचा याचं. आपल्याला सवय असते की क्लास लिहिला की आधी त्याचा इंटरफेस, मग शेवटी ‘इम्पल’ जोडलेलं नाव. गोमध्ये ‘इम्प्लिमेंट्स’ असं कुठे लिहावंच लागत नाही. मेथड जुळल्या की झालं. त्यामुळे इंटरफेस छोटा ठेवतात आणि तो वापरणाऱ्याच्या पॅकेजमध्ये लिहितात. आमच्या पहिल्या सर्व्हिसमध्ये प्रत्येक स्ट्रक्टला (गोमध्ये क्लासच्या जागी असतो तो) एक इंटरफेस होता आणि त्यातले बहुतेक पुढे पुसावे लागले. ही गोष्ट नियम म्हणून सांगून भागत नाही, कारण सवय मागून डोकं वर काढतेच. असं का करतात, हे पुस्तकाने पटवून द्यावं लागतं. बॉडनर हे काम छान करतात. दुसऱ्या भाषांतून आलेला माणूस गोमध्ये काय काय लिहून ठेवतो हे त्यांनी बघितलेलं आहे, ते ओळीओळीतून जाणवतं. पहिलं पुस्तक म्हणून त्यांचं नाव सुचवलं ते याच कारणासाठी.

आता जुन्या पुस्तकाचा प्रश्न. २०१५चं पुस्तक जुनं की नवं, हे त्या भाषेवर अवलंबून असतं. २०१५मध्येच स्विफ्टची दुसरी आवृत्ती आली आणि पुढच्याच वर्षी तिसरीने इतकं बदललं की आधीच्या पुस्तकांतला कोड चालेनासा झाला. गोने २०१२मध्ये पहिली पक्की आवृत्ती काढताना शब्द दिला होता की आज चालणारा प्रोग्राम पुढच्या १.क्ष आवृत्त्यांतही चालत राहील, आणि तो त्यांनी बऱ्यापैकी पाळलाय. त्यामुळे डोनोव्हन-कर्निगनमधला कोड आजही जवळजवळ सगळा चालतो.

पण चालणारा कोड आणि आज लिहायचा कोड यांत फरक पडलाय. त्या पुस्तकात मॉड्यूल (पॅकेजेस आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळायची आजची पद्धत) नाहीत, कारण ते २०१८मध्ये आले. म्हणून पॅकेज आणि टूल्सवरचं दहावं प्रकरण तुम्ही सोडून द्या, त्यातली कामाची मांडणी आता कुणी वापरत नाही. जनरिक्स (एकच फंक्शन अनेक टाइपसाठी लिहायची सोय) नाहीत, ते मार्च २०२२ला गोच्या १.१८ आवृत्तीत आले. एका चुकीभोवती दुसरी गुंडाळून नंतर ती ओळखायची सोय २०१९ची, तीही नाही. आणि सर्व्हिस लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त खटकेल ते हे, की त्यात कॉन्टेक्स्ट, म्हणजे काम थांबवायचा निरोप पुढे पोचवणारं पॅकेज, नाही. काम मध्येच थांबवायचं कसं, हे त्या पुस्तकात एक चॅनल (गोरुटीनमधला निरोपांचा मार्ग) बंद करून दाखवलंय. ते समजून घ्या, कारण कॉन्टेक्स्टच्या पोटातही तेच चालतं. पण आज तुम्ही लिहाल त्या जवळपास प्रत्येक सर्व्हिस फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट कॉन्टेक्स्ट असेल. ते पॅकेज २०१६मध्ये स्टँडर्ड लायब्ररीत आलं. बॉडनरमध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

एक बदल आणखी बारीक आहे. पाचव्या प्रकरणात लूपच्या व्हेरिएबलबद्दल इशारा दिलाय: लूपच्या आत फंक्शन बनवून बाजूला ठेवलं तर सगळी फंक्शनं एकच व्हेरिएबल बघतात, म्हणून आत त्याची नवी प्रत करून घ्या. २०१५मध्ये हे शंभर टक्के खरं होतं. फेब्रुवारी २०२४च्या १.२२पासून प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं, मात्र तुमच्या मॉड्यूलच्या फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली हवी. म्हणजे पुस्तकातला आजार गेला, औषध पानावर राहिलं. तरीही ती पानं वाचा असंच मी म्हणेन. जुन्या कोडमध्ये ती प्रत केलेली ओळ जागोजागी दिसेल, आणि ती तिथे का आहे हे कळल्याशिवाय ती काढणं धोक्याचं आहे.

तेव्हा जुनं पुस्तक घेताना भाषेच्या साइटवरची प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ती टिपणं शेजारी उघडून ठेवा आणि पुस्तक छापल्यानंतरच्या बदलांची यादी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. मला याला तासभर लागला. ती यादी लिहिली की जुन्या पुस्तकाचा धोका बहुतेक जातो आणि लिखाणातली स्वच्छता तेवढी राहते. कर्निगन यांच्यासारखं नेमकं लिहिणारे फार नाहीत. पहिल्याच प्रकरणात फायलींतल्या दुबार ओळी शोधण्यापासून वेब सर्व्हरपर्यंत ते तुम्हाला घेऊन जातात, आणि इंटिजर म्हणजे काय हे सांगत बसत नाहीत.

रस्टसाठी हीच पारख लावायची, फक्त पानं वेगळी. तिथे पहिली ठेच लागते ती साध्या असाइनमेंटला. एका व्हेरिएबलमधली स्ट्रिंग दुसऱ्यात ठेवली, मग पहिली छापायला गेलं, की कंपाइलर अडवतो: व्हॅल्यू इथून हलवली गेलीय. जावाच्या माणसाला हे पटत नाही, कारण जावात त्या ओळीने फक्त रेफरन्सची (डेटाकडे बोट दाखवणाऱ्या खुणेची) प्रत होते. जिम ब्लँडी आणि जेसन ओरेनडॉर्फ यांच्या ‘प्रोग्रामिंग रस्ट’मध्ये ओनरशिपच्या (मालकीच्या) प्रकरणात याची जी मांडणी आहे, ती मला कुठल्याही भाषेच्या पुस्तकात भेटलेली सर्वांत चांगली तुलना वाटते. तीन प्रकारच्या नूडल्सची यादी एका व्हेरिएबलमधून आणखी दोघांत ठेवायची, एवढंच काम. पायथनमध्ये मेमरीत काय होतं, सी प्लस प्लसमध्ये काय, आणि रस्टमध्ये काय, तिन्हींची चित्रं ओळीने काढलीत. पायथन रेफरन्स मोजतो, सी प्लस प्लस अख्खी यादी कॉपी करतो, रस्ट मालकी हलवतो. प्रत्येकाची किंमतही सांगितलीय. वाचक कुठून येतोय हे लेखकाला माहीत असलं की समजावणं असं होतं.

मग पुस्तक कशाला, ऑनलाइन आहेच की, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गोची अधिकृत टूर फुकट आहे, ती एका दुपारी जरूर करा, सिंटॅक्स हाताखालून जातो. एआयला विचारून कोड लिहून घेणंही मी रोज करते. पण ही सगळी साधनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. स्लाइसला ॲपेंड केल्यावर दुसरी यादी बिघडेल का, असा प्रश्न आमच्या मनातच आला नव्हता. आम्हाला ते ठाऊक आहे असंच वाटत होतं. जे विचारायचं आपल्याला सुचणार नाही, ते कुणीतरी क्रमाने आपल्यासमोर मांडावं लागतं. अनुभवी माणसासाठी पुस्तकाचं काम तेवढंच आहे आणि ते दुसरीकडे मला अजून मिळालेलं नाही.

चुकांवरचं पुस्तक दोन महिन्यांनी घ्या म्हटलं, त्याचंही कारण सांगते. न केलेल्या चुकांची यादी वाचताना माणूस मान डोलावतो आणि विसरतो. स्वतः ठेचकाळल्यावर तीच यादी वाचली की ‘अरे, परवा हेच झालं होतं’ असं होतं, आणि मग ते कायमचं राहतं. पहिल्याच आठवड्यात ते वाचणारे मी पाहिलेत. ते कोड लिहायला घाबरतात.

खर्चाचं म्हणाल तर यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या निघतात. नवी मुंबईचे प्रकाशक श्रॉफ ओरायली या परदेशी प्रकाशनाची पुस्तकं इथे छापतात. छपाई काळी-पांढरी असली तरी मजकूर तोच आणि किंमत बरीच कमी. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेणार असाल तर आवृत्तीचं पान उघडून बघा. बॉडनरची पहिली आवृत्ती जनरिक्सच्या आधीची आहे आणि मुखपृष्ठावरून ते पटकन लक्षात येत नाही.

तीन महिन्यांतले पहिले तीन आठवडे बॉडनरला द्या. रोज एक तास, आणि वाचलेलं त्याच संध्याकाळी टाइप करून चालवायचं. चौथ्या आठवड्यात जावात स्वतः लिहिलेलं एखादं छोटं टूल गोमध्ये पुन्हा लिहा. लॉग फायली चाळून त्यातल्या चुका मोजणारं काहीतरी प्रत्येकाकडे असतं. काम ओळखीचं असलं की अडखळाल तिथे भाषाच कारणीभूत असेल, आणि तेच तुम्हाला बघायचंय. तो कोड गो जाणणाऱ्या एकाला तरी वाचायला द्या. डोनोव्हन-कर्निगनची चार प्रकरणं त्यानंतर. त्यातल्या सरावप्रश्नांची उत्तरं पुस्तकात नाहीत. सगळे सोडवू नका, प्रकरणामागे दोन पुरेत.

सुरुवात चौथ्या प्रकरणातल्या महिन्यांच्या चित्राने करा. ते कागदावर स्वतः काढा. मग संगणकावर तोच तेरा जागांचा ॲरे बनवा, दुसऱ्या तिमाहीच्या स्लाइसला कुठलाही एक शब्द ॲपेंड करा आणि उन्हाळ्याची स्लाइस छापा. जून आणि ऑगस्ट जागेवर असतील, मध्ये तुमचा शब्द असेल. जुलै कुठे गेला हे चित्रावर बोट ठेवून सांगता आलं की मगच पान उलटा.